विल्यम ऑफ ऑरेंजचा जाहीरनामा

परराज्यावर शस्त्र उपसणारा राजा आपण तेथील प्रजेच्या हितार्थच आलों असें सांगतो. या सांगण्याची किंमत तिसऱ्या विल्यमच्या चरित्रावरून कळते.

जन्मापूर्वींच पितृछत्र हरपलेला हा राजपुत्र १६५० सालीं हेग येथें जन्मला. १६७२ सालीं चौदाव्या लुईनें स्वारी केली तेव्हां तो डच प्रजासत्ताकाचा कर्णधार झाला. १६७७ सालीं त्यानें इंग्लंडच्या जेम्सची कन्या मेरी वरिली. पुढें राजा झालेला जेम्स कायदे धाब्यावर बसवूं लागला, तेव्हां सात इंग्रज पुढाऱ्यांनीं जांवयास पाचारण केलें. १६८८ च्या जाहीरनाम्यांत विल्यमनें दोष राजाच्या दुष्ट सल्लागारांस दिला, आणि स्वतंत्र पार्लमेंट भरविण्यावांचून आपला अन्य हेतु नाहीं असें कळविलें. फ्रान्सविरुद्ध इंग्लंडचें बळ त्यास हवें होतें, हें त्यांत नव्हतें. जेम्स पळाला, मुकुट विल्यम व मेरी यांस मिळाला.

तथापि १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें पार्लमेंटनें नव्या राजाचेहि हात बांधिले: तिच्या संमतीवांचून कर नाहीं, शांततेच्या काळीं खडें सैन्य नाहीं. आयर्लंडांतील कॅथॉलिकांस असा कायदा करून घेतां आला नाहीं. १६९० च्या बॉइनच्या पराभवानंतर त्यांच्या वांट्यास जाचक निर्बंधच आले. विल्यम १७०२ सालीं वारला.

तात्पर्य, आगंतुकाच्या वचनानें प्रजा स्वतंत्र होत नाहीं. तिनें स्वतः कायद्यांत लिहून घेतलेला हक्कच तिला तारतो.