पक्षी न मारणारी बंदूक

फ्रान्स देशात बोन नावाचे एक जुने गाव आहे. द्राक्षांच्या मळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. ह्या गावी ५ मार्च १८३० रोजी एत्येन ज्यूल मारे ह्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांची विलक्षण आवड होती. आपण इंजिनिअर व्हावे, असे त्यांना वाटे. परंतु मुलाने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. तिला मान देऊन ते १८४९ साली वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेले. यंत्रांची आवड मात्र त्यांनी सोडली नाही. पुढे ह्या दोन्ही वाटा त्यांनी मोठ्या कौशल्याने एकत्र आणल्या.

डॉक्टर रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण त्याच्या बोटांना जे कळते ते दुसऱ्याला कसे दाखविणार? नाडीचा ठोका क्षणात येतो आणि क्षणात विरून जातो. मारे ह्यांनी १८६० साली एक छोटे यंत्र तयार केले. त्यातील हलकी तरफ मनगटावरील नाडीबरोबर खालीवर होई आणि तिचे टोक काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ काढी. अशा रीतीने नाडीने आपली हकिकत आपल्याच हाताने लिहिली! त्या काळी शरीराचे व्यापार समजून घेण्यासाठी अनेक शास्त्रज्ञ जिवंत प्राण्यांची चिरफाड करीत. प्राण्याच्या हालचालींत शक्य तोवर व्यत्यय न आणता त्या टिपून घ्याव्यात, असा मारे ह्यांचा प्रयत्न असे.

१८६९ साली ते पॅरिसमधील कॉलेज द फ्रान्स ह्या विख्यात संस्थेत प्राध्यापक झाले. आता त्यांचे लक्ष घोड्याकडे वळले. घोडा चौखूर उधळला असता त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात की नाही, ह्याविषयी जाणत्या लोकांतही एकमत नव्हते. घोडा हजारो वर्षे माणसाजवळ राहिला. परंतु त्याचे पाय इतके भरभर हलतात की डोळ्यांना त्यांचा मेळ लागत नाही. मारे ह्यांनी घोड्याच्या खुरांखाली रबराच्या पोकळ पिशव्या बसविल्या. खूर जमिनीवर टेकला की पिशवीतील हवा दाबली जाई, नळीवाटे ती वर जाई आणि स्वाराच्या हातातील यंत्रावर रेघ उमटे. त्या रेघांवरून निर्णय लागला. चारही पाय अधांतरी असतात, असा एक क्षण घोड्याच्या धावेत येतो. ही हकिकत त्यांच्या १८७३ सालच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली.

पुढे १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ह्याच गोष्टीचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला. त्याने धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडले. घोडा धावू लागला की वाटेतील तारांच्या योगाने एकामागून एक कॅमेऱ्याची झापड उघडे व एकेक चित्र निघे. ती चित्रे पाहून मारे ह्यांना अतिशय आनंद झाला. दुसऱ्याच्या यशाचा हेवा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पक्ष्यांचे उड्डाणही ह्याच रीतीने टिपता येईल काय, असे त्यांनी मायब्रिजला विचारले. १८८१ साली मायब्रिज पॅरिसला आला, तेव्हा मारे ह्यांनी त्याचे आपल्या घरी स्वागत केले.

परंतु पक्ष्याचा प्रश्न सुटला नाही. घोडा आखलेल्या वाटेने धावतो. पक्षी कोणत्या तारेला स्पर्श करून जाणार? पक्ष्याचा पाठलाग करील असा एकच कॅमेरा हवा होता. झान्सेन नावाच्या ज्योतिर्विदाने १८७४ साली सूर्यबिंबावरून जाणाऱ्या शुक्राची चित्रे घेण्यासाठी फिरत्या तबकडीचे यंत्र वापरले होते. त्यावरून मारे ह्यांना युक्ती सुचली आणि १८८२ साली त्यांनी एक अजब बंदूक तयार केली. तिला दस्ता होता, नळी होती, चापही होता. पण नळीत गोळीऐवजी भिंग होते. चाप ओढला की घड्याळासारख्या यंत्राने आतील काच फिरे आणि एका सेकंदात बारा चित्रे उमटत. प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत येई तो केवळ सेकंदाच्या ७२० व्या भागापुरता!

इटलीत नेपल्स शहराजवळ समुद्रकाठी त्यांचे घर होते. तेथे ते ही बंदूक घेऊन उडत्या पक्ष्यांवर नेम धरीत. बार होत नसे आणि पक्षीही पडत नसे. हे पाहून गावकरी त्यांना वेडा समजत, असे सांगतात. मारे ह्यांनी त्याची पर्वा केली नाही. त्यांची शिकार त्या फिरत्या काचेवर सुखरूप उमटलेली असे आणि पक्षी आपल्या वाटेने निघून गेलेला असे.

त्याच वर्षी पॅरिसजवळ त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या माणसांची क्रमवार चित्रे घेण्यात आली. १८८८ साली त्यांनी काचेऐवजी कागदाची लांब फीत वापरली. पुढे १८९४ साली एक गमतीदार वाद उद्भवला. मांजराला चारही पाय धरून उताणे सोडले तरी ते पायांवरच उतरते. हवेत कशाचाही आधार नसता पडणारी वस्तू स्वतः वळू शकणार नाही. तेव्हा मांजर सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देत असले पाहिजे, असे विद्वानांना वाटे. मारे ह्यांनी चित्रमालिकाच पुढे ठेवली. मांजर प्रथम सरळ खाली येते. मग पुढचे पाय आखडून व मागचे पसरून अंगाचा पुढील भाग वळविते. नंतर पुढचे पाय पसरून व मागचे आखडून मागील भाग वळविते. एका मांजराने विद्वानांना पुन्हा विचार करावयास लावले!

ह्याच सुमारास त्यांच्यापुढे एक कठीण प्रसंग आला. त्यांचे सहायक दमनी हे अनेक वर्षांचे सोबती होते. हलती चित्रे लोकांना दाखवून पैसा मिळवावा, असे दमनींना वाटू लागले. जे डोळ्यांना एरवीही दिसते तेच पुन्हा दाखविण्यात मारे ह्यांना रस नव्हता. जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यांना पाहावयाचे होते. १८९४ साली दोघांची फारकत झाली. पुढील वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये लोकांना पैसे घेऊन चित्रपट दाखविला आणि जगभर त्यांचे नाव झाले. ७ जुलै १८९६ रोजी ते चित्रपट मुंबईतही वॉटसन हॉटेलात दाखविण्यात आले. ह्या कीर्तीत मारे ह्यांचा वाटा थोडा राहिला. तरीही ते आपल्या कामापासून ढळले नाहीत. उतारवयात त्यांनी धुराच्या बारीक रेघा सोडून वाऱ्याचे अदृश्य प्रवाहही चित्रांत पकडले.

त्यांचे परिश्रम वाया गेले नाहीत. अमेरिकेतील विल्बर राइटच्या घरी मारे ह्यांचा तो १८७३ सालचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरात होता आणि त्याने तो अनेकदा वाचला होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान आकाशात उडाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, मारे ह्यांनी पॅरिस येथे देह ठेवला.

घोडा, पक्षी आणि मांजर सर्वांच्याच पाहण्यात असतात. परंतु आपण पाहतो ते पुरेसे आहे काय, असा प्रश्न मारे ह्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत चिकाटी सोडली नाही. ज्या बंदुकीने एकही पक्षी मारला नाही, तिनेच पक्ष्यांचे गुपित माणसाच्या हाती दिले.