जेफर्सन यांचे गुरू न्या. जॉर्ज विथ

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफर्सन सर्वांना ठाऊक आहेत. त्यांना कायद्याची दीक्षा देणारे व्हर्जिनियाचे जॉर्ज विथ आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. वकील, लोकप्रतिनिधी, अध्यापक आणि न्यायाधीश या नात्यांनी विथ यांनी आपल्या राज्याचा कायदा घडविला. मात्र अखेर त्याच कायद्याच्या आडोशाने त्यांच्या खुनाचा आरोपी सुटला.

विथ यांचा जन्म १७२६चा. १७४६ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली आणि १७५४ मध्ये ते वसाहतीच्या प्रतिनिधिगृहात गेले. १७७६च्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींमध्ये पहिली स्वाक्षरी त्यांची आहे. राज्याचे जुने कायदे तपासून नव्याने मांडण्याचे काम ज्या समितीकडे आले, तीत जेफर्सन व एडमंड पेंडलटन यांच्यासमवेत विथही होते. १७७७ मध्ये ते प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले आणि पुढच्याच वर्षी चॅन्सरी न्यायालयाचे न्यायाधीश.

१७७९ मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ते कायद्याचे प्राध्यापक झाले. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिलेच पद. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल त्यांच्या वर्गात बसत. १७८२च्या केटन खटल्यात विथ यांनी, विधिमंडळाने राज्यघटनेची मर्यादा ओलांडल्यास न्यायालय त्याला रोखेल, असे बजावले. हेच तत्त्व मार्शल यांनी २१ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात प्रस्थापित केले.

विथ स्वतः गुलामांचे मालक होते. पण त्यांतील काहींना त्यांनी मुक्त केले. १८०६ मध्ये राइट कुटुंबाच्या खटल्यात, स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असा निर्णय त्यांनी दिला. अपील न्यायालयाने राइट कुटुंबाची मुक्तता कायम ठेवली, परंतु हे तत्त्व आफ्रिकी वंशाच्या लोकांना लागू करण्यास नकार दिला.

हा निकाल पाहण्यास विथ हयात नव्हते. मे १८०६ मध्ये रिचमंड येथील त्यांच्या घरात विषप्रयोग झाला. घरातील मायकेल ब्राउन हा मुक्त कृष्णवर्णीय तरुण दगावला आणि ८ जून रोजी विथ यांचे निधन झाले. मृत्युपत्रातील वाट्यावर डोळा ठेवणारा त्यांचा नातलग जॉर्ज स्वीनी याच्यावर संशय होता. मृत्यूपूर्वी विथ यांनी त्याचे नाव मृत्युपत्रातून काढून टाकले.

विथ यांनी मुक्त केलेल्या स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स या विषप्रयोगातून वाचल्या. त्यांची साक्ष मोलाची ठरली असती. पण व्हर्जिनियात गोऱ्या आरोपीविरुद्ध कृष्णवर्णीयांची साक्ष ग्राह्य नव्हती, आणि स्वीनी निर्दोष सुटला. साक्षीवरचा हा निर्बंध विथ यांच्या समितीने सादर केलेल्या गुलामविषयक विधेयकातही होता. आयुष्यभर न्यायाची उपासना केलेल्या या गुरूला न्याय नाकारला, तो त्यांच्या समितीने जुन्या कायद्यातून तसेच पुढे येऊ दिलेल्या त्या कलमाने.