पगारातला व्यावसायिक कर आणि वि. स. पागे

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर भागातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दर महिन्याला व्यावसायिक करापोटी दोनशे रुपये कापलेले दिसतात. फेब्रुवारीत तीनशे. ही कपात १९७५ साली सुरू झाली ती दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यामागे जो माणूस होता त्याचं नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म १९१० चा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. शिक्षणाने वकील, विचाराने गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले. १९६० ला राज्य झालं त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि पुढे अठरा वर्षे राहिले. सभापती झाला की माणसाला पक्ष बाजूला ठेवावा लागतो, सभागृहात भाषण ठोकता येत नाही. पागे यांनी या अडचणीचाच उपयोग केला. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्यांच्या दालनात मोकळेपणाने बसत.

त्यांचा हिशेब साधा होता. दुष्काळात सरकार खडी फोडायला लावतं, पाऊस पडला की काम बंद. त्यापेक्षा बारमाही कामाची हमी द्यावी आणि त्यातून बंधारे, पाझर तलाव, रस्ते उभे राहावेत. १९६५ मध्ये विसापूरच्या आसपासच्या अकरा गावांत त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पाठीशी होते.

पण खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळात झाली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे केंद्राकडून येणाऱ्या दुष्काळी मदतीचे नियमही बदलले. तिजोरीवर ताण, आणि हमी दिली तर दरवर्षीचा खर्च डोक्यावर. पैसा आणायचा कुठून, हाच प्रश्न होता.

इथे प्रत्येकाची दुखणी वेगळी. डाव्या आणि समाजवादी पक्षांना कामाचा हक्क कायद्याने हवा होता, नुसती योजना नको. बागायतदारांना धास्ती, की ऐन सुगीत मजूर मिळणार नाहीत. शहरवाल्यांना वाटे, गावचा भार आमच्यावर का.

यातून तोड निघाली ती अशी. शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसवायचा, तो रोजगार हमीसाठीच राखायचा आणि जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची. विक्रीकर, मोटार वाहन कर आणि बागायती जमिनीवरही वाढीव आकारणी झाली, म्हणजे गावचा सधन माणूसही सुटला नाही. बदल्यात शेतीचा हंगाम मोडणार नाही असं कामांचं वेळापत्रक आणि शेतमजुरीला चढाओढ करणार नाही असा दर. मजुराच्या बाजूने पाहिलं तर ही मजुरी तुटपुंजीच होती, आणि त्यावरून पुढे मोर्चे निघाले ते योग्यच होते. पण सरकारला नंतर हात वर करता येऊ नयेत, यासाठी राखीव निधी गरजेचा होता.

त्या काळी व्यावसायिक कराला वर्षाला २५० रुपयांची घटनेतलीच मर्यादा होती. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतला किंवा शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधला कामगारही हा कर भरणाऱ्या नोकरदारांच्याच वर्गातला. तो पैसा मराठवाड्यातल्या नालाबांधावर मजुरी म्हणून पोचला. कामावर निम्म्याच्या आसपास बायाच असत.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हीकडे एकमताने मंजूर झाला. आणीबाणी नुकतीच उठली होती, विरोधी पक्षांचे अनेक लोक तुरुंगातून सुटून आलेले, कटुता ताजी. तरी या विधेयकावर फूट पडली नाही. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता, असं त्यात लिहिलं गेलं.

कायदा अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तोवर सरकार बदलून शरद पवारांच्या नेतृत्वाखाली जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचं आलेलं होतं. म्हणजे काँग्रेसच्या राज्यात मंजूर झालेला कायदा कालच्या विरोधकांनी लागू केला. पागे १९७८ च्या एप्रिलमध्येच सभापतिपदावरून उतरले होते. १९९० मध्ये ते गेले. केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो २००५ साली.