उस्ताद अहमदजान थिरकवा

अहमदजान मूळचे मुरादाबादचे. लहान वयातच ते मुंबईस उस्ताद मुनीर खाँ यांच्यापाशी तबला शिकू लागले. त्यांची बोटे तबल्यावर जणू थिरकत. म्हणून ‘थिरकवा’ हे नाव त्यांना पडले. पुढे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना त्यांनी साथ केली. साथीचा तबला गाण्यामागून चालतो. परंतु उस्ताद एकटे वाजवू लागले, की तबलाच गाऊ लागे! लेहरा अखंड फिरत राही आणि पेशकार, कायदे, रेले, गती एकामागून एक उलगडत. लय कितीही वाढो, एकही बोल पुसट होत नसे. नुसत्या वेगाने दिपवणारे वादक पुष्कळ; ही स्पष्टता मात्र विरळा. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ मध्ये लखनौ येथे ते निवर्तले. ऐंशी वर्षे उलटल्यावरही ते मैफलीत तबला वाजवीत असत.