डॉ. प्रिसिला व्हाइट : टाइप १ मधुमेह असलेल्या मातांसाठी पन्नास वर्षे

टाइप १ मधुमेह असलेली मुलगी लग्नाच्या वयाची झाली की घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. हिला मूल होईल का? आणि झाले तर दोघेही सुखरूप राहतील का? आज बहुतेक वेळा डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे देऊ शकतात. हे शक्य होण्यामागे अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांचे मोठे योगदान आहे.

प्रिसिला व्हाइट यांचा जन्म १९०० साली बॉस्टनमध्ये झाला. हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात त्या काळी मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून त्या टफ्ट्स विद्यापीठात शिकल्या आणि १९२३ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ डॉ. एलियट जॉस्लिन यांच्याकडे त्यांनी काम सुरू केले.

तो काळ महत्त्वाचा होता. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले होते. त्याआधी लहानपणी मधुमेह झालेली मुले सहसा एक-दोन वर्षांत दगावत. इन्सुलिनमुळे ती जगू लागली, मोठी झाली, आणि त्यातल्या मुली गरोदर राहू लागल्या. अशा गर्भारपणाचा अनुभव तेव्हा कोणाकडेच फारसा नव्हता. मुलांच्या मधुमेहाबरोबर व्हाइट यांनी या मातांचीही जबाबदारी घेतली.

सुरुवातीचे चित्र वाईट होते. १९२४ च्या सुमारास जॉस्लिन यांच्या दवाखान्यातील मधुमेही मातांची जवळपास निम्मी बाळे वाचत नव्हती. अनेक बाळे शेवटच्या आठवड्यांत पोटातच दगावत. त्या काळी टॉक्सिमिया म्हणत तो आजार बऱ्याच मातांना गाठत असे. रक्तदाब चढे, लघवीतून प्रथिने जाऊ लागत, अंगावर सूज येई आणि काहींना झटके येत. त्यालाच आपण आज प्री-एक्लॅम्पसिया म्हणतो. झटके आले तर तो एक्लॅम्पसिया.

व्हाइट यांनी पुढची पन्नास वर्षे या मातांना वारंवार तपासायला बोलावले, साखरेवर बारीक नजर ठेवली, आहार ठरवून दिला आणि गरज पडेल तिथे दिवस पूर्ण भरण्याआधी प्रसूती करवली. दोन हजारांहून अधिक मधुमेही महिलांची गर्भारपणे त्यांच्या देखरेखीखाली पार पडली. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा बाळ वाचण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवर पोहोचले होते. १९६० मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचे बँटिंग पदक त्यांना मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

धोका सगळ्यांना सारखा नसतो

त्यांचे सर्वाधिक टिकलेले काम म्हणजे १९४९ मधील वर्गीकरण. मधुमेह कोणत्या वयात झाला, किती वर्षे झाली आणि रक्तवाहिन्यांना इजा झाली आहे का, यावरून त्यांनी गरोदर महिलांचे ए, बी, सी असे गट पाडले. एफ गट मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांचा. डोळ्याच्या पडद्यावर गंभीर परिणाम झालेल्यांसाठी पुढे आर गट आला.

यामागचा विचार आजही लागू आहे. आज साखर किती आहे एवढ्यावरच धोका ठरत नाही. इतक्या वर्षांत साखरेने रक्तवाहिन्यांचे काय केले, हेही पाहावे लागते. गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयातील बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला भरपूर रक्त पुरवू लागतात. हा बदल नीट झाला नाही, तर वारेला रक्त कमी पडते, तिच्यातून काही घातक द्रव्ये आईच्या रक्तात येतात आणि आईचा रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत व मेंदू यांवर परिणाम होतो. रक्तवाहिन्या आधीच नाजूक झालेल्या असतील तर हे होण्याची शक्यता वाढते.

सर्वसाधारणपणे १०० गरोदर महिलांपैकी तीन ते पाच जणींना प्री-एक्लॅम्पसिया होतो. टाइप १ मधुमेहात हे प्रमाण साधारण १५ ते २० पर्यंत जाते. गर्भारपणाआधीपासून मधुमेह असलेल्या ४६२ महिलांचा एक अमेरिकी अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हाइट यांच्या बी गटात ११ टक्के, तर एफ आणि आर गटांत मिळून ३६ टक्के महिलांना हा आजार झाला. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहा. सर्वाधिक धोक्याच्या गटातही बहुसंख्य महिलांना तो झाला नाही.

एक उपचार जो फसला

व्हाइट यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. टॉक्सिमियाआधी काही संप्रेरकांचे प्रमाण बिघडते, असे बॉस्टनमधील संशोधकांना दिसले होते. त्यावरून व्हाइट आपल्या रुग्णांना स्टिलबेस्ट्रॉल हे संप्रेरक देऊ लागल्या. त्यांच्याकडे बाळे वाचत होती, म्हणून औषध गुणकारी वाटले. पण औषध न दिलेल्या तशाच महिलांशी तुलना झाली नव्हती. ब्रिटनमध्ये मधुमेही मातांवर अशी तुलनात्मक चाचणी झाली आणि १९५५ मध्ये तिचा निष्कर्ष आला : फायदा नाही. १९७१ मध्ये कळले की हे औषध घेतलेल्या मातांच्या काही मुलींना तरुण वयात योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होत होता. बाळे वाचली होती ती साखरेवरील नियंत्रण, वारंवार तपासणी आणि वेळेवरची प्रसूती यांमुळे, असेच आज आपण मानतो.

म्हणूनच आजच्या औषधाबद्दलही पुरावा विचारणे योग्य आहे. प्री-एक्लॅम्पसियाचा धोका जास्त असेल तर कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली जाते. २०१७ च्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत, धोका जास्त असलेल्या महिलांमध्ये ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण ॲस्पिरिनमुळे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. ती चाचणी फक्त मधुमेही महिलांवर नव्हती, आणि ॲस्पिरिन हे पूर्ण संरक्षण नाही. तरीही टाइप १ मधुमेहात ती देण्याचा सल्ला आज अनेक देशांतील मार्गदर्शक सूचना देतात. ती साधारण १२ व्या आठवड्यापासून, शक्यतो १६ व्या आठवड्याआधी सुरू करतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

तुमच्यासाठी याचा अर्थ

मूल हवे असा विचार सुरू होताच, दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटा. एचबीए१सी शक्यतो ६.५ टक्क्यांखाली आणायचे असते, पण साखर वारंवार फार कमी होऊ न देता. लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

रक्तदाब किंवा मूत्रपिंडासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांपैकी काही चालू असेल तर तसे आवर्जून सांगा. ही औषधे गर्भाला अपायकारक असतात, ती बदलून मिळतात. दिवस गेल्याचे अचानक कळले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन मात्र कधीही बंद करू नका.

२० आठवड्यांनंतर रक्तदाब १४० बाय ९० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक आलेली सूज, धाप लागणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. रक्तदाब १६० बाय ११० पर्यंत गेला तर हीच घाई करा. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत आईला ही लक्षणे दिसू शकतात, म्हणून बाळ घरी आल्यावरही आईचा रक्तदाब मोजत राहा. बाळंतिणीची डोकेदुखी दमल्यामुळेच असेल, असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये.