आरशाचा उपासक : विल्यम हर्शेल

इंग्लंडमधील बाथ या नगरीत एका संगीतशिक्षकाचे घर होते. दिवसा तेथे विद्यार्थी गायन-वादन शिकण्यास येत. परंतु १७७३ पासून त्या घराला कारखान्याची कळा आली. दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीची नळी तयार करू लागला आणि निजण्याच्या खोलीत यंत्राची चाके फिरू लागली. या घराचा धनी म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेला ज्योतिर्विद विल्यम हर्शेल होय.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. त्याचे वडील लष्करी वाद्यवृंदात वादक होते. १७५७ मध्ये तो इंग्लंडला आला व संगीतावर आपला चरितार्थ चालवू लागला. पुढे त्याला आकाशनिरीक्षणाचा छंद जडला. मोठी दुर्बीण विकत घेण्याइतके द्रव्य त्याच्यापाशी नव्हते. म्हणून आपली दुर्बीण आपणच घडवावी, असे त्याने ठरविले.

त्या काळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबे व कथील यांचा मिश्र धातू ओतून तो करीत. नंतर त्याला योग्य असा खोलगटपणा देऊन तासन् तास घासावे लागे. आकारात केसभर जरी चूक राहिली, तरी ताऱ्याचा बिंदू पसरट दिसे. एकदा तर हर्शेलने सलग सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन हिने त्या वेळी त्याला आपल्या हाताने घास भरविले.

या तपश्चर्येला लवकरच फळ आले. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याला एक अनोळखी ज्योती दिसली. प्रथम त्याला तो धूमकेतू वाटला. पण गणिताने तो शनीच्या पलीकडचा नवा ग्रह ठरला. तोच युरेनस होय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो तीन फूट रुंदीचा आरसा ओतीत असता भट्टी फुटली. तापलेला रस फरशीवर पसरला व फरशीचे दगड फुटून चहूकडे उडाले. सारे जण जीव घेऊन पळाले. दमलेला हर्शेल विटांच्या ढिगावर कोसळला. परंतु त्याने आपला नाद सोडला नाही.

पुढे राजा तिसरा जॉर्ज याच्या साहाय्याने त्याने स्लाव येथे ४० फूट लांबीची दुर्बीण उभारली. तिचा पहिला आरसा पातळ असल्याने नीट आकार धरीना. मग त्याहून जाड असा चार फूट रुंदीचा, जवळजवळ एक टन वजनाचा आरसा केला. प्रकाश वाया जाऊ नये म्हणून हर्शेलने दुसरा लहान आरसा वगळला आणि मुख्य आरसाच किंचित कलता बसविला. त्यामुळे प्रतिमा नळीच्या तोंडापाशी, कडेला पडे. दुर्बिणीचा रोख बदलावयाचा झाल्यास मजूर दोर व चाके फिरवीत. उंचावर बसलेला भाऊ जे पाही ते कळवी व खाली बसलेली बहीण ते टिपून घेई. १७८९ मध्ये ही दुर्बीण पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी हर्शेलने शनीचे एन्सेलाडस व मिमास हे उपग्रह शोधून काढले.

तथापि दमट हवेने तो थोरला आरसा वारंवार काळवंडे आणि ते प्रचंड धूड वळविण्यात फार वेळ जाई. हर्शेलने मोठेपणाचा मोह धरला नाही. आपली हुकमी वीस फुटी दुर्बीणच तो अधिक वापरू लागला. आरसा केवळ मोठा असून भागत नाही; तो निर्दोष असावा लागतो व नेमका रोखता यावा लागतो, हे त्याने अनुभवाने जाणले होते.

१८०० मध्ये त्याने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोधले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी त्याचे देहावसान झाले.

स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील एका पर्वतावर आज हर्शेलच्या नावाची दुर्बीण आहे. त्याच पर्वतावर १७ मीटर व्यासाच्या दोन गॅमा-किरण दुर्बिणी आहेत. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. परंतु ते वातावरणात शिरले म्हणजे क्षणाच्याही अत्यल्प अंशापुरती फिकट निळी प्रभा उमटते. शेकडो लहान आरसे ती टिपतात. दुर्बीण कलली की तिचा सांगाडा स्वतःच्या भाराने किंचित वाकतो. म्हणून लहान यंत्रे प्रत्येक आरसा पुन्हा नेमका बसवितात. रोख बरोबर आहे की नाही, हे ओळखीच्या ताऱ्यांवरून पडताळतात. आपल्या देशात लडाखमधील हानले येथेही २१ मीटर व्यासाची अशी दुर्बीण उभी आहे.

साधने बदलली, पण हर्शेलची ती जुनी काळजी मात्र अजून सुटलेली नाही. आकाशाचा वेध घेणाऱ्याने प्रथम आपला आरसा सरळ करावा लागतो, हाच त्याच्या जीवनाचा बोध होय.