ठिणगीचा धनी

रॉबर्ट बॉश नावाचा एक माणूस होता, याचा आपल्याला विसर पडला आहे. आडनाव डबीवर छापले गेले की माणूस हरवतो, त्यातलाच हा प्रकार. आमच्या पिढीने तर डबीवर ते आडनावही वाचले नाही; आम्ही वाचले ते ‘मायको’. बंगळूरला 1951 साली निघालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते सुटसुटीत नाव. पुढे तिचा नाशकातही कारखाना झाला आणि 2008 मध्ये कंपनीने मूळ धन्याचे नाव लावले. बँकेच्या नोकरीत असताना आर्वी, देवळी, समुद्रपूर असा सारा वर्धा जिल्हा मी स्कूटरवरून पालथा घातला. डिकीत कर्जाच्या फायली आणि फायलींखाली एक जादा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा. स्कूटर रुसली की प्लग काढायचा, काजळी घासायची, फुंकर मारायची आणि देवाचे नाव घेऊन किक मारायची. या प्लगच्या मागे कोणी माणूस असेल, असे तेव्हा मनातही आले नाही.

आले ते भाच्यामुळे. त्याने आपल्या पेट्रोल गाडीच्या टर्बोचा दाब वाढवून घेतला. नोंदणीच्या कागदाबाहेरचे फेरफार कायद्याला चालत नाहीत, हे मी त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 सकट ऐकवले; आमचे थकबाकीदार नोटीस जशी ऐकत, तसे त्याने ते ऐकले. आता नागपूरच्या रस्त्यावर जोर दिला की गाडी ‘मिस’ मारते, आणि मित्रांचा सल्ला असा की दुकानातला सर्वांत महाग इरिडियमचा प्लग टाक. मामा रिकामा आहे आणि वाचतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी बॉशच्या चरित्रात शिरलो तो तिथेच रमलो.

जर्मनीत उल्म शहराजवळ आल्बेक नावाचे खेडे आहे. तिथे 23 सप्टेंबर 1861 रोजी तो जन्मला. बारा भावंडांतला अकरावा. बाप शेतकरी आणि खानावळवाला, पण पुस्तके बाळगणारा. पोरगा उल्मला बारीक यंत्रकामाची उमेदवारी करून बाहेर पडला, अमेरिकेत जाऊन एडिसनच्या कारखान्यात राबला, इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काम केले आणि 15 नोव्हेंबर 1886 ला स्टुटगार्टमध्ये स्वतःचे दुकान मांडले. मदतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा. वडिलांच्या वाट्याचे दहा हजार मार्क गाठीशी होते, ते बघता बघता संपले. विजेची घंटी बसव, टेलिफोन दुरुस्त कर, सायकलवर टांग टाकून गिऱ्हाईक गाठ, अशी काही वर्षे गेली. आमच्या भाषेत सांगायचे तर हे खाते बराच काळ ‘शंकास्पद’ होते.

1887 मध्ये एका गिऱ्हाइकाने जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनासाठी ठिणगी पाडणारे यंत्र मागितले. तसले यंत्र डॉइट्झ कंपनीने आधीच केले होते; त्यावर पेटंट नाही याची खात्री करून बॉशने ते बनवले, सुधारले. मॅग्नेटो म्हणतात ते हेच. 1897 मध्ये ते मोटारीच्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला जोडले गेले. तेही डोके त्याच्या कारखान्यातल्या त्सेरिंगर या कारागिराचे. पण ठिणगी पाडायला इंजिनाच्या पोटात दांडे हलवावे लागत, ते झिजत. यावर उतारा काढला गोटलोब होनोल्डने. हा पोरवयात बॉशकडे उमेदवार होता, पुढे शिकून परत आला. त्याने 1902 मध्ये उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला ठिणगीचा प्लग तयार केला. प्लगची कल्पना लेन्वारच्या 1860 च्या इंजिनापासून होतीच. पण भरवशाने चालणारी जोडी ही. म्हणजे पाहा, ज्याच्या नावाने जग ठिणगी ओळखते त्याने यातले मोठे शोध स्वतः लावलेच नाहीत. त्याने माणसे ओळखली, त्यांना मोकळे सोडले आणि निकृष्ट माल दाराबाहेर जाऊ दिला नाही. मला हा गुण शोध लावण्याहून दुर्मीळ वाटतो. कित्येक हुशार मुलगे साहेबाच्या धाकाने फायलीखाली दबून गेलेले मी पाहिले आहेत.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. ठिणगी पाडणे हे प्लगचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम उष्णता बाहेर काढण्याचे, आणि तिथेच सारी मेख आहे. प्लगचे टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर तापले की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळते. त्याखाली राहिले तर काळे पडते आणि गाडी अडते. उलट 850 अंशांच्या पुढे गेले तर ते निखारा बनते. ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल त्यावरच पेटते, आणि वर येणाऱ्या पिस्टनवर अवेळी घण बसतो. पिस्टनला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही. म्हणून प्लग ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा जातींचे करतात. आतल्या चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर ती चटकन आट्यांतून इंजिनाच्या डोक्यात उतरते, तो थंड. हा गुण मोजून त्याला आकडा देण्याची पद्धत बॉशच्या कंपनीने 1927 मध्ये आणली. एकच प्लग सगळ्यांच्या गळ्यात मारणे धंद्याला सोपे होते. इंजिन पाहून प्लग द्या, असे या आकड्याने दुकानदाराला बजावले.

टर्बो काय करतो? धुरांड्याकडे निघालेल्या वायूच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात हवा कोंबतो. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने 1905 मध्ये पेटंट केली. हवा जास्त, जाळ जास्त, उष्णता जास्त. म्हणून दाब वाढवलेल्या गाडीला मूळ प्लगहून एक पायरी थंड प्लग बहुधा लागतो. दोन पायऱ्या एकदम उतरलात तर बजाज चौकातल्या गर्दीत तोच प्लग काजळी धरणार. दुसरी गोष्ट फटीची. दाटलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला अधिक जोर लागतो. फट मोठी असली तर ती विझते, आणि गाडी ‘मिस’ मारते ती बहुतेक इथेच. फट 0.8 मिलिमीटरवरून 0.65 च्या आसपास आणली की फरक पडतो. इरिडियमचे बारीक टोक ठिणगीला सोपे जाते आणि टिकते, हे खरे. पण चुकीच्या आकड्याचा इरिडियम प्लग महागडी चूकच असतो. साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग लवकर बदलावा लागतो, एवढेच.

आकड्यांत आणखी एक गंमत आहे. बॉशच्या हल्लीच्या प्लगवर आकडा जितका लहान तितका प्लग थंड. जपानच्या एनजीकेचे नेमके उलटे. भाचा एका कंपनीचा आकडा दुसरीच्या डबीवर शोधत होता, म्हणजे थंडाऐवजी गरम घेऊन आला असता, आणि तेही वर्ध्याच्या मे महिन्यात! अखेर एक पायरी थंड प्लग आणि कमी केलेली फट यांवर मिस थांबला. शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून पाहिला. नाक फिकट तपकिरी. पांढरेफटक असते, त्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते कण असते, तर गाडी तिथेच उभी करायची होती.

बॉशकडे पैसाही असाच दाबाने आला. 1906 मध्ये त्याने आठ तासांचा दिवस सुरू केला. त्यात निव्वळ दया नव्हती. आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या यंत्रांना परवडत होत्या, आणि हिशेब जुळल्यावर चांगले काम करण्यात कमीपणा कसला? तरीही 1913 मध्ये त्याच्याच कामगारांनी संप केला, तो घाव त्याला फार लागला. पहिल्या महायुद्धातला नफा त्याला बोचत होता. 1916 मध्ये नेकार नदीच्या कालव्यासाठी त्याने तेरा दशलक्ष मार्क दिले. 1921 मध्ये एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला. ज्याच्यासाठी उभे केले तोच नाही, हे दुःख घेऊन तो शेतीत रमला, होमिओपॅथीला मदत करत राहिला. पहिले लग्न मोडले, दुसरे झाले आणि साठी उलटल्यावर पुन्हा मुलगा झाला.

यापुढचे पान वाचताना मला जड गेले. हिटलरबद्दल त्याला तिटकारा होता. त्याच्या कंपनीने छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली. हिटलरविरोधी कटातला गोर्डेलर 1937 पासून त्याच कंपनीचा सल्लागार होता आणि 1945 मध्ये फासावर गेला. पण तीच कंपनी हिटलरच्या सैन्याला माल पुरवत होती आणि युद्धकाळात तिथे सुमारे 20,000 माणसांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. दोन्ही गोष्टी एकाच जमाखर्चात आहेत. एकीने दुसरी खोडता येत नाही. 12 मार्च 1942 ला तो गेला, तेव्हा त्याला न आवडणाऱ्या राजवटीने त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली.

त्याच्या 29 दिवस आधी, 11 फेब्रुवारीला, आमच्या वर्ध्यात जमनालालजी बजाज गेले होते. रायबहादुरकी 1921 मध्ये परत करणारे, 1928 मध्ये आपले लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले करणारे आणि अखेरच्या दिवसांत गोपुरीच्या झोपडीत गोसेवा करणारे. श्रीमंताने विश्वस्त व्हावे, ही गांधीजींची शिकवण वर्धेकराला त्यांच्यामुळे पुस्तकात शोधावी लागली नाही. बॉशची गोष्ट वेगळ्या मातीतली. त्याने झोपडी गाठली नाही, त्याने कागद केला. त्याच्या मृत्युपत्राच्या आधाराने 1964 मध्ये कंपनीचे बहुतेक भाग एका सेवाभावी प्रतिष्ठानाकडे गेले. त्या भागांवरचा लाभांश प्रतिष्ठानाचा, पण मताचा हक्क वेगळ्याच न्यासाचा. पैसा ज्याच्या हाती त्याला कारखाना चालवता येऊ नये, आणि चालवणाऱ्याला तो पैसा खिशात घालता येऊ नये, अशी ही गाठ आहे. तीस-बत्तीस वर्षे गहाणखते वाचूनही इतकी पक्की गाठ माझ्या पाहण्यात आली नव्हती. 1940 मध्ये त्याने सुरू केलेले स्टुटगार्टचे रुग्णालय आजही त्या प्रतिष्ठानाकडेच आहे.